एसटीत चढताना, जत्रेत फिरताना: घरच्यांनी आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

लग्नसराई सुरू झाली की आमच्याकडं सातारा-सांगलीच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते, एसटीत चढताना महिलेचं गंठण लंपास. गाव बदलतं, तोळे बदलतात, बाकी मजकूर तोच. या बातम्या जरा नीट वाचल्या तर दिसतं की चोरी बहुतेक वेळा दारातच झालेली असते, गाडी चालू असताना फार कमी. कारण गाडी फलाटाला लागली की आपलं सगळं चित्त सीटकडं. खिडकीतून रुमाल टाकायचा, पोराला आत ढकलायचं, पिशवी डोक्यावर धरायची आणि वर नवऱ्याला हाक मारायची, अहो इकडं या इकडं. त्या दोन मिनिटात गळ्याला कुणाचा हात लागला हे कळणार कसं, दहा जणांचे हात लागलेलेच असतात की.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेर पडल्यावर जे काही वाईट होतं त्यातलं बरंचसं अशा दोन-दोन मिनिटांच्या गडबडीत होतं, गाडीत चढताना, उतरताना, पैसे देताना, पोराचा हात सोडून फोन उचलताना. आणि त्या गडबडीत माणूस नवीन विचार करू शकत नाही, जे आधी ठरलेलं असेल तेच करतो. म्हणून ठरवायचं घरी, चहा पिताना, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलून. मनात ठरवलेलं उपयोगाचं नाही, कारण तुमच्या मनात काय आहे ते तुमच्या सासूबाईंना आणि सहा वर्षांच्या पोराला माहीत नसतं.

एसटी स्टँड

आधी टोळी कशी काम करते ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. तीन-चार बाया असतात, दिसायला अगदी आपल्यासारख्या, एखादीच्या कडेवर लेकरू पण असतं. एक पुढं चढते आणि दारातच थांबते, पदर अडकला म्हणते नाहीतर सुट्टे पैसे पडले म्हणून वाकते. मागची ढकलायला लागते, चला ओ चला, गाडी सुटंल. तुम्ही मध्ये. तिसरी बाजूला, तिच्या हातावर ओढणी नाहीतर पिशवी टाकलेली असते आणि खाली हात मोकळा, कधी त्यात बारीक कटर, त्यानं बांगडी किंवा पाटलीसुद्धा कापतात. माल हातात आला की लगेच मागं चौथीकडं. ती तर गाडीत चढतच नाही. तुम्ही सीटवर बसून घाम पुसून गळ्याला हात लावेपर्यंत ती स्टँडच्या बाहेर रिक्षात असते.

तर दारात गर्दी असताना पुढची बाई विनाकारण अडली आणि त्याच वेळी मागून रेटा आला, की सीट गेली खड्ड्यात, सरळ बाजूला व्हायचं. आणि चढता चढता कुणी 'चुकीची गाडी' म्हणत उलटी खाली उतरायला लागली तर तिथंच गळा, मनगट, पर्स तपासायची, पुढच्या स्टॉपला नाही.

कुटुंब बरोबर असेल तर कामं वाटून घ्या. एकजण मोकळ्या हातानं सीट धरायला पुढं. एकजण पोरं आणि बॅगा घेऊन खाली, गर्दीपासून चार पावलं लांब. जिच्या अंगावर सोनं आहे ती सगळ्यात शेवटी, दार मोकळं झाल्यावर. आमच्याकडं पूर्वी याच्या बरोबर उलट चालायचं, नटलेली बाई पहिली पुढं कारण तिला बसायला जागा पाहिजे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दी अजून वाढलीय, चांगली गोष्ट आहे, पण दाराशी रेटारेटी पण तेवढीच. लांबचा प्रवास असेल तर रिझर्वेशन करा, सीट नंबर हातात असला की निम्मी धावपळ संपते.

सोनं शक्यतो अंगावर घालून प्रवास करूच नका, कार्यालयात पोचून घाला. पण पर्समध्ये टाकलं म्हणजे सुरक्षित झालं असं अजिबात नाही, पर्सची चेन उघडणं हे गळ्यातलं तोडण्यापेक्षा सोपं काम आहे. आतल्या कापडी पाकिटात, पाकीट आतल्या कपड्यात, आणि सगळं एका ठिकाणी नको. काही बायका रव्याच्या डब्यात लपवतात, डबा बॅगेत आणि बॅग एसटीच्या डिकीत, मग आपण वर आणि सोनं खाली, यात काय शहाणपण आहे मला कळलेलं नाही. बॅग मांडीवर नाहीतर पायात, आणि पाठीची सॅक गर्दीत पोटावर घ्यायची, कसं का दिसेना.

गेलंच काही, तर लाजायचं नाही. लगेच मोठ्यानं ओरडायचं, कंडक्टरला सांगायचं, गाडी हलवू नका म्हणायचं. अशा वेळी अख्खी गाडी पोलीस ठाण्यात नेऊन तपासणी झाल्याचं आपल्याकडं कितीदा तरी झालेलं आहे. बाकीचे प्रवासी कुरकुर करतील, करू देत.

आता गाडी विचारण्याबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेटला पहाटे फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका मुलीला एकानं ताई म्हणून गोड बोलून तुमची गाडी तिकडं लागलीय असं सांगितलं आणि उभ्या असलेल्या बंद शिवशाहीत नेलं, पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. यात त्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही, स्टँडवर कुणीतरी गाडी सांगतं आणि आपण तिकडं जातो, हे आपण सगळेच जन्मभर करत आलोय. म्हणून तर आता सवय बदलायला पाहिजे. गाडी कुठं लागलीय ते चौकशीच्या खिडकीवरच विचारायचं, नाहीतर गणवेशातल्या, हातात तिकीट मशीन असलेल्या कंडक्टरला. गाडीत लाईट नाही, दुसरे प्रवासी नाहीत, तर पाटी कितीही बरोबर असली तरी चढायचं नाही, बाहेर थांबायचं. ही गोष्ट कॉलेजला जाणाऱ्या मुलींना सांगता तशी मुलांनाही सांगा. आणि रात्री उशिरा किंवा पहाटे स्टँडवर थांबायचं झालं तर कंट्रोलरच्या केबिनसमोर, जिथं लाईट आहे आणि चहाची टपरी चालू आहे तिथं. टपरीवाला हा स्टँडवरचा सगळ्यात जागा माणूस असतो.

रिक्षानं घरी जाताना नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, आणि टाकताना रिक्षावाल्याला दिसू दे. तो भला असेल तर त्याला काही वाटत नाही. सातारला रेल्वे स्टेशन गावापासून लांब माहुलीकडं आहे, रात्रीच्या गाडीनं उतरलात तर घरून कुणी न्यायला येईल का हे निघायच्या आधीच विचारून ठेवा, फलाटावर उतरल्यावर नाही.

म्हाताऱ्या माणसांना गाठणारे तोतया पोलीस

हे आपल्या भागात इतक्या वर्षांपासून चाललंय तरी अजून चालतंय. सकाळी फिरायला निघालेले आजोबा नाहीतर देवळातून येणारी आजी. मोटरसायकलवर दोघंजण, केस बारीक कापलेले, पायात तपकिरी बूट. थांबवतात, खिशातून कसलंतरी कार्ड काढून दाखवून परत ठेवतात. बोलणं असं असतं, आजी कुठं निघाला, पुढं चेकिंग चालू आहे, काल रात्री मर्डर झालाय, एवढं सोनं घालून कशाला फिरताय, काढा, रुमालात बांधून देतो. तेवढ्यात रस्त्यानं एक तिसरा येतो, त्यालाही अडवतात, तो मुकाट्यानं गळ्यातली चेन काढून रुमालात ठेवतो. तो त्यांचाच असतो. ते बघून आजीला खरं वाटतं. रुमालाची गाठ मारून देतात, घरी जाऊन उघडा म्हणतात, घरी उघडल्यावर खडे नाहीतर नकली बांगड्या.

मोठ्या माणसांना नुसतं 'सावध राहा' सांगून काही होत नाही. पोलिसाला नाही म्हणायचं कसं, हीच त्यांची अडचण असते, त्या पिढीला सरकारी माणसाचा दरारा आहे. म्हणून त्यांना नाही म्हणायला लावू नका, बोलायला एक तयार वाक्य द्या. आमच्या सासूबाईंचं वाक्य ठरलेलं आहे, "साहेब, माझ्या हाताला सूज हाय, बांगडी निघत नाही, चौकीत चला, तिथं लेकाला बोलावते." हे त्यांच्याकडून मी स्वयंपाकघरात चार वेळा म्हणवून घेतलं, मी पोलीस आणि त्या आजी, पहिल्यांदा हसत होत्या मग त्यांना त्यात इतकी मजा यायला लागली की स्वतःच वाक्य वाढवायला लागल्या. खरा पोलीस रस्त्यात सोनं काढायला सांगत नाही, ही एक गोष्ट आणि चौकीत चला हे एक वाक्य, एवढं पाठ असलं तरी पुष्कळ. याच जातीची बाकी सोंगं म्हणजे दारावर येऊन दागिने पॉलिश करून देणारे, अंगावर घाण पडलीय म्हणून पुसायला येणारे, तुमचे पैसे पडलेत म्हणून दाखवणारे. बँकेतून पैसे काढून बाहेर आल्यावर शेवटचे दोन फार होतात. पैसे खरंच पडले असले तरी आधी हातातली पिशवी छातीशी धरायची, मग खाली बघायचं.

ज्यांना विसरायला होतं अशा माणसांच्या खिशात चिठ्ठी पाहिजेच, नाव, गाव, घरातल्या दोघांचे नंबर, कुठलं औषध चालू आहे ते. आषाढीला माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते, त्या गर्दीत चुकलेल्या माणसासाठी गावाच्या नावापेक्षा दिंडी नंबर जास्त कामाचा, आणि तो सांगताना रथापुढची का रथामागची हेही सांगावं लागतं, कारण दोन्हीकडं नंबर वेगळे असतात. आपल्या आजोबांच्या चिठ्ठीत ते लिहिलंय का बघा.

पोरांना काय शिकवायचं

एक प्रयोग करून बघा. घरातल्या चार-पाच वर्षांच्या पोराला विचारा, तुझ्या आईचं नाव काय? निम्मी पोरं सांगतात मम्मी. बाबांचं नाव? पप्पा. कुठं राहतोस? घरी. हे पोरगं जत्रेत हरवलं तर माईकवरून काय पुकारणार, मम्मीनी जिथं असतील तिथून यावं? तर आईबापाची खरी नावं, आडनाव, गाव आणि एक मोबाईल नंबर पाठ करून घ्यायचा. नंबर चालीवर म्हणायला शिकवला की पोरं दोन दिवसात पाठ करतात, बाकी सगळी गाणी करतातच की. अगदीच लहान असेल तर बॉलपेननं दंडावर आतल्या बाजूला नंबर लिहा. गळ्यात मोठ्या अक्षरात नावाचं कार्ड लटकवू नका, अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की पोराला तो ओळखीचा वाटतो.

निघताना घरातून बाहेर पडायच्या आधी पोरांचा त्या दिवशीच्या कपड्यात फोटो काढायचा. हरवल्यावर आई रडत असते आणि पोलीस विचारतात शर्ट कुठल्या रंगाचा होता, अशा वेळी भल्याभल्यांना आठवत नाही. फोटो असला की पुढं काही बोलावं लागत नाही.

हरवलं तर काय करायचं हे एका ओळीत सांगा, जागचं हलायचं नाही. आईबाबा शोधत मागं येतात, पोरगं शोधत पुढं जातं आणि दोघांची गाठ पडत नाही, म्हणून एकानं थांबायचं आणि ते पोरानं. बराच वेळ कुणी आलं नाही तर कुणाकडं जायचं? नुसतं पोलीसकाकांकडं म्हणू नका, पोलीस दर वेळी दिसतोच असं नाही. ज्या बाईबरोबर तिची स्वतःची पोरं आहेत तिच्याकडं, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडं. आणि तिथूनच फोन लावायला सांगायचा, त्यांच्याबरोबर दुसरीकडं कुठं जायचं नाही.

घरातला एक परवलीचा शब्द ठेवा. शाळेबाहेर कुणी आलं, तुझ्या पप्पांना अॅक्सिडेंट झालाय चल लवकर म्हणालं, तर पोरानं विचारायचं, शब्द काय? सांगता आला नाही तर शाळेत परत पळत जायचं. देवाचं नाव, कुत्र्याचं नाव असलं काही ठेवू नका, ते सगळ्या आळीला माहीत असतं. काहीतरी येडबंबू शब्द पाहिजे, पोरांना तोच लक्षात राहतो, आणि एकदा वापरला गेला की बदलायचा. कुणी ओढायला लागलं तर नुसतं रडायचं नाही, रडणाऱ्या पोराकडं लोक हट्टी म्हणून बघतात. "मी यांना ओळखत नाही" असं मोठ्यानं ओरडायचं. अंगणात ओरडायची प्रॅक्टिस घ्या, शेजाऱ्यांना आधी सांगून.

आणि एक अवघड गोष्ट. पोराला त्रास देणारा दर वेळी अनोळखीच असतो असं नाही, लग्नाच्या घरात, वऱ्हाडाच्या गाडीत, झोपायला एका खोलीत पंधरा माणसं असताना ओळखीचाच कुणीतरी असतो. मामा आलाय पापा दे, काकांच्या मांडीवर बस, असं जबरदस्तीनं करायला लावायचं बंद करा. पोरगं नको म्हणालं तर नको. आज तुम्ही त्याचं नको ऐकलं तरच उद्या ते तुम्हाला येऊन सांगेल. लहान मुलांसाठी १०९८ हा चोवीस तासाचा फुकटचा नंबर आहे, पोरांना हाही पाठ असू दे.

जत्रा, यात्रा, रथ

२५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, शाकंभरी पौर्णिमा होती, अडीचशेच्या वर माणसं गेली. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूला दुकानं, नारळ फोडून पायऱ्या पाण्यानं निसरड्या झालेल्या, पुढचे घसरले, मागच्यांना ते कळलं नाही आणि ते रेटत राहिले, त्यात दुकानांना आग. त्यानंतर तिथं नारळ, पशुबळी, वाहनं सगळ्यावर नियम आले. पण आपण शिकायचं ते हे की गर्दीत मागच्या माणसाला पुढं काय झालंय ते दिसत नाही. म्हणजे थांबा थांबा ओरडून उपयोग होईलच असं नाही, आपणच वेळेत बाहेर पडायला पाहिजे.

वेळ झालीय हे ओळखायचं कसं? हात वर करून तोंडाशी नेता येतोय का बघा. येत नसेल, चारी बाजूंनी अंग घासत असेल आणि तुम्ही न चालता पुढं सरकत असाल, तर दर्शन राहू दे. उलटं फिरायचं नाही, रेट्याच्या विरुद्ध ताकद लावायची नाही, तिरकं तिरकं सरकत कडेला यायचं, रेटा येतो तेव्हा त्याच्याबरोबर जायचं आणि ढिला पडला की दोन पावलं कडेला. दोन्ही हात छातीसमोर दुमडून ठेवा म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल गेली, फोन पडला, वाकायचं नाही. पोराला बोट धरून चालवू नका, उचलून छातीशी घ्या. भिंत, लोखंडी बॅरिकेड, पायऱ्या आणि अरुंद दार यांच्यापासून लांब राहा, चेंगरतं माणूस तिथंच.

त्यापेक्षा सोपं म्हणजे मुख्य दिवस टाळा. पालीचा खंडोबा असो, पुसेगावचा सेवागिरी महाराजांचा रथ असो का तासगावचा गणपतीचा रथ, रथ ओढायच्या वेळी म्हातारी आणि तान्ही पोरं घेऊन रस्त्यावर कशाला पाहिजे, कुणाच्यातरी माडीवरून बघा. सांगली जिल्ह्यात कवठे एकंदला दसऱ्याची शोभेची दारू बघायला जाणाऱ्यांनी तर पोरांना सुती कपडे घाला, नायलॉनचा फ्रॉक नको, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा.

गेल्या गेल्या पहिलं काम, चुकलो तर भेटायची जागा ठरवायची. देवळासमोर ही जागा नव्हे, सगळी गर्दी तिथंच असते. लांबचं, उंच आणि न हलणारं काहीतरी, पाण्याची टाकी, शाळेचं गेट. पाळण्याजवळ भेटू म्हणणाऱ्यांनी जत्रेत पाळणे किती आहेत ते आधी मोजावेत. फोनवर भरवसा ठेवू नका, हजारो माणसं एका जागी आली की रेंज जाते.

रेल्वे

मिरजेवरून रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी जास्त सांगते. गाडी सिग्नलला हळू झाली की खिडकीतून हात घालून मंगळसूत्र ओढतात, म्हणून अंधार पडला की काच खाली, आणि खिडकीकडं डोकं करून झोपायचं नाही. बॅगा खालच्या बर्थखाली कडीला साखळीनं बांधा, साखळी शंभर-दीडशेला मिळते. कुणी दिलेलं बिस्कीट, चहा, प्रसाद घ्यायचा नाही, प्रसाद म्हटलं की आपली माणसं नको म्हणत नाहीत, घ्यावा, कागदात बांधून ठेवावा, खाऊ नये. काही झालं तर १३९ ला फोन करा. चोरी झाली तर मधल्या स्टेशनला उतरून तक्रार देत बसायची गरज नसते, टीसी किंवा गाडीतल्या पोलिसांकडं फॉर्म मिळतो, तो भरून पुढचा प्रवास करता येतो.

स्वतःची गाडी, घाट, धबधबे

हायवेला शेजारून जाणाऱ्यानं हात करून तुमच्या गाडीतून ऑइल गळतंय, टायर बसलाय असं खुणावलं तर तिथंच कडेला घेऊ नका. गाडी नीट चालतीय ना, मग पुढं पेट्रोल पंप नाहीतर टोलनाका येईपर्यंत सावकाश चालवा, पुण्याकडं जाताना आनेवाडी, कराडकडं तासवडे. खरंच बिघडली तर सगळ्यांनी गाडीबाहेर, रेलिंगच्या पलीकडं. गाडीत बसून राहणं हेच धोक्याचं, विशेषतः खंबाटकीच्या चढाला रात्री मागून ट्रक येत असतात. राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर १०३३, आणि किलोमीटरचा दगड बघून ठेवला असला की कुठं आहात ते सांगता येतं.

कास, ठोसेघरला गाडी लावताना सीटवर काही दिसेल असं ठेवू नका, रिकामी बॅग पण नको, आत काय आहे ते काच फोडल्यावरच कळतं ना. डिकीत टाकायचं तर घरून निघतानाच टाका, पार्किंगला सगळ्यांसमोर उघडून नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बोरणे घाटात सेल्फी काढताना एक मुलगी दरीत पडली, होमगार्ड आणि ट्रेकर्सच्या पोरांनी दोर लावून वर काढली, वाचली. दर वेळी दोरवाले जवळ असतील असं नाही. कठड्याच्या पलीकडं जाणाऱ्याचा फोटो काढायला नकार द्या, फोटो काढणारा नसला की बरेचजण आपोआप अलीकडं येतात.

नदीत होडीत बसायचं तर लाईफ जॅकेट असेल तरच, आणि नावाडी अजून दोघं बसा म्हणाला की आपण उतरायचं. २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती माणसं जास्त झाल्यामुळंच. पुरात तरी नाइलाज असतो, सहलीला कसला नाइलाज.

फोनमध्ये आजच करायचं काम

११२ हा एकच नंबर पोलीस, अॅम्ब्युलन्स, अग्निशमन सगळ्याला चालतो, लॉक उघडायची गरज नाही. तुमच्या फोनला पॉवरचं बटण किती वेळा दाबल्यावर इमर्जन्सी कॉल जातो ते सेटिंगमध्ये बघा, काहींना तीनदा, काहींना पाचदा, आणि तिथंच घरच्यांचे नंबर भरून ठेवा. कोयनेकडं, कासकडं आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर इमर्जन्सी कॉल लागू शकतो, म्हणून रेंज नाही दिसली तरी लावून बघायचा. महिलांसाठी १८१, अॅम्ब्युलन्सला १०८ पण आहेच.

मुलगी, बायको, म्हातारे वडील एकटे निघाले तर व्हॉट्सअॅपवर लाईव्ह लोकेशन आठ तासापर्यंत चालू ठेवता येतं. पण ते बघणारा कोण हे ठरवा, ग्रुपवर टाकलं की सगळे समजतात दुसरा बघतोय. आणि फिरायला गेल्याचे फोटो स्टेटसला टाकायचे ते घरी आल्यावर टाका. तारकर्लीचा सूर्यास्त छान असतो, पण तुमच्या दाराला कुलूप आहे आणि चार दिवस राहणार आहे हे त्यातून अख्ख्या कॉलनीला, दूधवाल्याच्या मेहुण्याला आणि कुणाकुणाला कळतं.

फोन चोरीला जाईल तेव्हा त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख असलेला नंबर, लागतो, डायल करायच्या जागी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की येतो, तो घरच्या वहीत लिहून ठेवा, त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवणारे महाभाग आहेत म्हणून सांगतेय. फोन गेला की पहिल्यांदा सिम बंद करा, बँकेला आणि यूपीआयला कळवा, पोलिसात तक्रार द्या, मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो फोन ब्लॉक करता येतो. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढं पुढं जातात. आणि प्रवासात कुठंही काही झालं, म्हणजे कळलं सांगलीत पण घडलं पुण्यात, तरी जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते लिहूनच दिलेलं आहे. आमची हद्द नाही म्हणाले तर झिरोनं घ्या असं स्पष्ट म्हणा, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.